आधी विचारायचं

आईनं किल्ली माझ्या टेबलावर आपटली आणि म्हणाली, "ही घे. हैबतीच्या जीपची. आता ठरावात लिवलंय तसं कर."

मी ग्रामपंचायतीत बसले होते. समोर ग्रामसेवक कांबळे भाऊसाहेब नळाच्या तक्रारी ऐकून घेत होते. तक्रार सांगणारी बाई तोंडातला शब्द तोंडात ठेवून आईकडे बघत राहिली. किल्लीला लाल लोकरीचा गोंडा होता, तो टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होता.

"काय झालं, आई?"

"प्यालाय त्यो. सकाळच्या पारी. मी बाजाराला निगालेली, त्याच्याच मागच्या शिटावर बसले. बसल्या बसल्या नाकात वास भरला. म्हणलं, काय रं हैबती, घेतलाईस काय? तर मान वळवून मलाच म्हणतोय, व्हय मामी, तीर्थ घेतलंया की, आत्ताच घेतलं. आन स्टँडवरची समदी फिदीफिदी हसाय लागली. म्या हात घालून किल्ली काडली आन तशीच हिकडं आले."

एवढं बोलून ती खाली बसली. रागानं की भीतीनं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि बहुतेक तिलाही कळलं नसावं.

आमची माळखिंड घाटमाथ्यावर. बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं खाली निंबळ्याला. मध्ये वळणावळणाचा घाट. एसटी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तीही मर्जी असेल तर. बाकी सगळा भार वडापवर, म्हणजे माणसं दाबून भरून धावणाऱ्या जीपवर. अशा सहा-सात जीप पिंपळाखाली उभ्या असायच्या आणि त्या जागेलाच आम्ही स्टँड म्हणायचो.

त्यातली एक जीप दोन वर्षांपूर्वी शेवटच्या वळणावरून दरीत गेली होती. चालवणारा सुभाना दारू प्यालेला होता. तो गेला, आणखी दोघं गेले, आणि माझा धाकटा भाऊ दिनू गेला. दिनू कॉलेजच्या परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन घरी येत होता. सुभानाला त्याआधी गावानं दोनदा धरलं होतं. दोन्ही वेळा तो चावडीत येऊन रडला, पोराबाळांच्या शपथा घेतल्या, म्हाताऱ्यांचे पाय धरले. दोन्ही वेळा गाव विरघळलं.

म्हणून दिनूच्या मागं पहिली ग्रामसभा झाली तेव्हा आई उभी राहिली. आयुष्यात ती कधी सभेत बोलली नव्हती. महिला राखीव जागेतून मी नुकतीच सरपंच झाले होते, तरी मलाच तिची भीती वाटली. ती म्हणाली, दारू पिऊन जीप चालवताना जो सापडेल त्याची किल्ली तिथल्या तिथं काढून घ्यायची, आणि त्याच्या जीपमध्ये या गावातल्या माणसानं पुन्हा कधी पाय ठेवायचा नाही. जन्मभर. कुणीतरी मागून दबक्या आवाजात म्हणालं, "आन त्या डायवरचं काय म्हणणं आसंल तर?"

आई वळली. "माज्या दिनूला इचारलं हुतं का कुणी, बसतोस का उतरतोस म्हणून?"

ठराव झाला, आणि भाऊसाहेबांनी त्यात 'कोणतीही विचारपूस न करता' असे शब्द घातले. आईनं ते दोनदा वाचून घेतले.

खरं सांगायचं तर ठराव लागू पडला. जे ड्रायव्हर आदल्या दिवसाची उतरायच्या आत स्टेअरिंगवर बसायचे, ते आता सकाळी लिंबू-पाणी पिऊन, भांग पाडून यायला लागले. घाटात साधा आरसा फुटल्याचं ऐकू आलं नाही. एवढंच झालं की दारू हा शब्द स्टँडवरून हद्दपार झाला. नुसता उच्चारला तरी बायका कान टवकारायच्या. मग ड्रायव्हरांनी तिचं नाव बदललं. कुणी म्हणायचं, काल पाव्हण्याकडं तीर्थ होतं. कुणी म्हणायचं, तीर्थाला येतोस का. हा पांडबाचा शोध. पांडबा म्हणजे स्टँडवरचा बोलघेवडा ड्रायव्हर, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. पाहता पाहता तो शब्द गावभर झाला. मलाही ठाऊक होता, आईलाही.

तेव्हा हैबतीनं भर स्टँडवर, आईच्या तोंडावर, तीर्थ घेतलंय म्हणून सांगितलं, म्हणजे आता काय उरलं?

पोरांनी हैबतीची जीप ढकलत आणून पंचायतीच्या समोर उन्हात उभी केली. काचा वर करून, दारं बंद करून भाऊसाहेबांनी किल्ली कपाटात ठेवली. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा होती. तिथं ठराव वाचून दाखवायचा, हैबतीचं नाव घ्यायचं, की झालं.

हैबती चौगले संध्याकाळी आमच्या दारात आला. मोठ्या हाडापेराचा माणूस, बोलणं मोजकं. विनोद सांगितला तर दुसऱ्या दिवशी हसणाऱ्यातला, स्टँडवरच्या थट्टेत कधी न बसणारा. दिनूला दरीतून वर आणायला जे चौघं दोर लावून उतरले होते, त्यात पुढे हाच होता. ते मी विसरले नव्हते. आईही विसरली नव्हती, म्हणून तर तिचा राग जास्त होता. ज्यानं डोळ्यांनी ते सगळं पाहिलं, त्यानं तरी हे करायला नको होतं, असं ती दिवसभर पुटपुटत होती.

तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. "मंदाताई, एक इचारू?"

"ठराव तुला माहीत आहे, हैबती."

"ठराव पाठ हाय मला. मी बी हात वर केलता त्या दिशी. मला यवडंच सांगा, मला कोन काय इचारनार हाय का न्हाई?"

आतून, चुलीपुढून आईचा आवाज आला. "काय इचारायचं ऱ्हायलंय? तूच सांगितलंस की तोंडानं."

हैबतीनं आत बघितलं. काही बोलेल असं वाटलं. मग म्हणाला, "व्हय मामी. सांगितलं," आणि चपला पायात सरकवून निघून गेला.

वाद घातला असता, आवाज चढवला असता, पाय धरले असते, तर मला सोपं गेलं असतं. सुभाना तेच करायचा. हा माणूस काहीच मागत नव्हता. मला कोण विचारणार आहे का, एवढंच. ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. भांडी घासताना, पोराची शाळेची कापडं वाळत घालताना तेच. दोन दिवसांनी कळलं की हैबती जीप विकून पुण्याला कुठल्याशा कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जायच्या बेतात आहे. त्याची मुलगी अलका बाळंतपणाला माहेरी आलेली. ओली बाळंतीण घरात, आणि बाप गाव सोडायला निघालेला.

मी भाऊसाहेबांना विचारलं, "पोलिसांत असं कुणाला धरलं तर काय करतात हो?"

"आधी नळीत फुंकायला लावतात, ताई. मग दवाखान्यात रक्त. मग कोर्ट. तिथं त्याला वकील असतो. पैसे नसले तर सरकार देतं."

"दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला?"

"खून करणाऱ्यालासुद्धा. तुझं काय म्हणणं आहे, हे न्यायाधीश विचारतातच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आपण हैबतीला अजून चहासुद्धा विचारला नाही. खरं बोलू का? हा ठराव कायद्यात बसत नाही. गावात मात्र बसलाय."

"मग तुम्ही लिहून का घेतलात?"

"तुमच्या आईच्या, हौसामामींच्या तोंडाकडं बघून," ते म्हणाले. "तुम्ही तरी कुठं नको म्हणालात?"

मी तक्रारींची वही पुढं ओढली.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती. दिनू गेल्यापासून ती माझ्याकडेच राहायची. माझं सासर-माहेर एकाच गावात, त्यामुळे तिला गाव सोडावं लागलं नाही, फक्त घर सोडावं लागलं. मी तिच्याजवळ बसले आणि एका दमात सांगून टाकलं की उद्या नाव घेण्याआधी मी हैबतीला विचारणार आहे.

तिचा हात थांबला. "म्हंजी मी खोटं बोलती?"

"नाही."

"मग? वास मला आला, ऐकलं म्या, हसली समदी. आन माजी लेक सरपंचाच्या खुर्चीत बसून म्हणती, आईचं खरं हाय का ते बघू या."

"तुझं खरंच असंल, आई. खरं असलं तर विचारल्यानं ते काय कमी होतंय?"

"सुभान्याला इचारलं हुतं की. दोनदा. गोड बोलला, रडला, सुटला. माजा दिनू कुणी खाल्ला? त्या इचारण्यानं खाल्ला."

तिचं काही चुकत नव्हतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मीच उलटली. आणि तेव्हा, कसं कोण जाणे, मला जे इतके दिवस सांगता येत नव्हतं ते सापडलं.

"आई, सुभान्याला कुणी विचारलंच न्हाई. त्याला नुसतं सोडलं. विचारायचं म्हणजे सोडायचं असं कुणी सांगितलं?"

पुढची भाकरी तिनं अशी थापली की परातीसकट चूल हादरली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सभेला माझ्या आधी जाऊन बसली.

सभेला गाव लोटलं होतं. ग्रामसभेला एरवी कोरमसाठी माणसं हाताला धरून आणावी लागत. त्या दिवशी बसायला जागा नव्हती. चावडीच्या पायऱ्यांवर बायका, खाली पुरुष, आणि पलीकडे उन्हात ती बंद जीप. हैबती एकटा पिंपळाच्या पाराला टेकून उभा होता. त्याची बायको बायकांत न बसता त्याच्या मागं उभी राहिली होती.

मी उभी राहिले. "ठराव वाचायच्या आधी मला हैबतीला विचारायचंय," मी म्हणाले.

लगेच कुजबुज सुरू झाली. पांडबा उठला. "ताई, आता काय इचारायचं? समद्यांनी कानांनी ऐकलंय की. तीर्थ घेतलंया म्हणला." पुन्हा तोच हशा पिकला. एक म्हातारा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "पोरी, आज ह्याला इचारलंस, की उद्यापासनं समदे सुटाय लागतील. एकदा भोगलंय आपन." ह्यावर बऱ्याच माना हलल्या. मग हळूहळू सगळ्यांची तोंडं आईकडे वळली. ठराव तिचा होता. पोरगा तिचा गेला होता. ती नको म्हणाली असती तर मी सरपंच असून काही करू शकले नसते.

आईनं पदर डोक्यावर सारखा केला. मग म्हणाली, "इचारा."

कुणाला खरं वाटलं नाही. भाऊसाहेबांनी तर मान पुढे काढली.

"मला सुभान्याला इचारायचं हुतं," आई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सभेत दुसरा आवाजच नव्हता. "का रं बाबा प्यालास त्या दिशी? माजं पोर तुज्या जीपमदी हाय, ही ठाव न्हवतं काय तुला? रोज इचारती मी, भिताडाला. पर त्यो बी त्याच दरीत गेला. माजं इचारायचं ऱ्हाऊनच गेलं." तिनं नाक पुसलं. "ह्यो तर जिवंत हाय न्हवं. मग इचारा की त्याला."

मी पाराकडे वळले. "हैबती, पुढं ये. त्या दिवशी सकाळी तू काय घेतलं होतंस?"

"तीर्थ," हैबती म्हणाला.

पुन्हा हसू फुटलं. त्यानं हसणाऱ्यांकडे बघितलं, पहिल्यांदा रागानं. मग मी तो प्रश्न विचारला, जो आठवडाभर गावातल्या एकाही शहाण्याला सुचला नव्हता.

"कुठलं तीर्थ?"

"कुठलं म्हंजी?" तो गोंधळला. "अंबाबाईचं. घाटाच्या पायथ्याला देऊळ न्हाई का. अलकीला पोरगं झालं. म्हणून भल्या पहाटे खाली जाऊन पाया पडून आलो. गुरवानं पळीनं तीर्थ दिलं, त्ये घेतलं. मामीनं इचारलं, घेतलाईस काय. म्हणलं, व्हय, घेतलंया. मामी पुण्याईची बाई, आनंदानं सांगितलं. तर ही समदी हसाय लागली आन मामीनं किल्लीच काडली. देवाचं तीर्थ घेतलं त्यात हसाय काय हाय, ती मला अजून कळाल्यालं न्हाई. आन आपनहून सांगाय गेलो तर सुभान्यावानी दिसंल, म्हणून इचारायची वाट बघितली."

हसू जिथल्या तिथं विरलं. पांडबानं टोपी काढून डोकं खाजवलं. आपण घडवलेला शब्द असा फिरून येईल असं त्याच्या स्वप्नातही नसावं. अख्ख्या गावाच्या तोंडात त्या शब्दाचा इतका पक्का दुसरा अर्थ बसला होता की देवळातला पहिला अर्थ उरलाय, हेच आम्ही विसरून गेलो होतो. तो फक्त हैबतीपाशी शिल्लक होता.

"आन वास?" पायऱ्यांवरून एका बाईनं विचारलं. बरोबरच विचारलं. "मामीला वास आला, त्यो बी काय तीर्थाचा?"

"वास दशमुळाचा," हैबती म्हणाला. "निंबळ्यात दुकानदाराला उठवून पोरीसाठनं दशमूलारिष्टाची बाटली घेतलीती, बाळंतिणीचं आंबवल्यालं औशिद. शेजारच्या शिटावर ठेवलीती. वर येताना तिसऱ्या वळनाला कलंडली, बूच निगालं, निम्मी शिटावर आन निम्मी माज्या बाहीवर, बाटली गेली शिटाखाली. म्हणलं घरी गेल्यावर धुवू. पर घरी जायच्या आदीच..."

"कशावरून?" म्हातारा म्हणाला.

"जीप हाय की हितंच. तवापास्नं बंद हाय. किल्ली तुमच्याकडंच हाय."

सगळ्यांच्या माना जीपकडे वळल्या. ठरावाप्रमाणं किल्ली तिथल्या तिथं काढली होती, काचा वर होत्या, आणि तेव्हापासून त्या दाराला कुणी हात लावला नव्हता. भाऊसाहेब लगबगीनं पंचायतीत जाऊन किल्ली घेऊन आले. ती त्यांनी माझ्याकडे दिली. मी जीपकडे निघाले, तोच आई उठली.

"मी बघती," ती म्हणाली. "वास मला आलता."

मी किल्ली तिच्या हातात दिली. लाल गोंडा मुठीत धरून ती जीपपाशी गेली. पुढचं दार उघडलं तसा आतला तापलेला वारा बाहेर आला, आणि ती अर्ध्या अंगानं आत वाकली. गाव मागं अर्धगोल करून उभं. ती वाकलेलीच राहिली. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली की काय. मी पुढे धावले, तर ती हळूच पुढच्या सीटवर बसली होती. हात सीटच्या रेक्झिनवर, डोळे मिटलेले.

"आई?"

"मंदे, हिकडं ये. वास घे."

मी डोकं आत घातलं. दारूची घाण मला चांगली ठाऊक होती. सुभाना शेजारीच राहायचा. हा वास तो नव्हता. ओल्या लाकडासारखा, गुळासारखा, थोडा आंबूस, जड. आठवडाभराच्या उन्हानं त्यातलं झोंबणारं जे काही होतं ते उडून गेलं होतं आणि औषध मागं राहिलं होतं. सीटखाली आडवी पडलेली बाटली मला दिसली. तळाशी थोडं काळपट पाणी. मी ती उचलून भाऊसाहेबांकडे दिली, त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं नाव वाचलं. पण आईचं तिकडे लक्षच नव्हतं.

"दिनू झाला तवा सव्वा म्हैना प्याले ही," ती म्हणाली. "माजी आई चमच्यानं पाजायची. मी तोंड फिरवायची, आन ती म्हणायची, पी, दूध येतंय. त्यो मांडीवर पडलेला असायचा, यवडुसा. माज्या तोंडाचा वास त्याला यायचा आन त्यो नाक मुरडायचा." तिनं पदर तोंडावर घेतला. "दिनूचा वास हाय ह्यो, मंदे. आन म्या त्याला दारू म्हणलं."

मी जीपच्या पायरीवर उभी राहूनच तिला धरलं. दोन वर्षांत ती दिनूबद्दल दरीचं, जीपचं, सुभानाचं सोडून दुसरं काही बोलली नव्हती. तो मांडीवर पडून कसा नाक मुरडायचा, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती रडत होती, पण ते रडणं निराळं होतं.

हैबती जवळ आला. काय करावं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं काच खाली केली. "मामी, तुमची चूक न्हाई. भरलेल्या जीपमदी, ताजा ताजा वास. कुणालाबी तसंच वाटलं आसतं."

"चूक हाय," आई म्हणाली. "तुला इचारलं न्हाई, ही चूक हाय." मग डोळे पुसून ती भाऊसाहेबांकडे वळली, आणि तिचा सभेतला आवाज परत आला. "लिवा. ठराव हाय तसाच ऱ्हाऊ दे. किल्ली तितल्या तितं काडायची. त्येवडं 'विचारपूस न करता' खोडा आन तितं लिवा, आधी इचारायचं. समद्यांच्या म्होरं. न्हाई प्याला तर किल्ली हातात द्यायची. आन प्याला आसंल तर मग कितीबी रडला, कुनाचाबी आसला, तरी सोडायचं न्हाई."

भाऊसाहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून ते लिहिलं. या वेळी आईनं वाचून घेतलं नाही.

पुढच्या वर्षी ह्या ठरावाची खरी परीक्षा झाली. पांडबा सापडला. तो माझ्या नवऱ्याचा आतेभाऊ, गावचा लाडका, सगळ्यांना हसवणारा. किल्ली काढली, सभा भरली, मी विचारलं. तो चांगला अर्धा तास बोलला. सासूचं आजारपण, मित्राची वरात, घेतली ती अगदी थोडीच, जीप तर चालत नव्हती, उभीच होती. कुणी त्याला मधे तोडलं नाही. मग ज्या दोघा प्रवाशांनी त्याला घाट चढताना पाहिलं होतं, ते उभे राहिले. पांडबानं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसला. "ऐकून घेतलंसा," तो म्हणाला, "आता मला बोलाय जागा न्हाई." त्याची जीप कायमची बंद झाली आणि गावात एक माणूस कुरकुरला नाही. सुभानाच्या वेळी गाव विरघळलं, हैबतीच्या वेळी गाव दगड झालं. ह्या वेळी पहिल्यांदा गाव माणसासारखं वागलं, असं मला वाटलं. पांडबा आता निंबळ्याच्या बाजारात रसवंती चालवतो. दारू सुटली आहे, जीभ तेवढी तशीच आहे.

हैबती पुण्याला गेला नाही. आई त्यानंतर बरीच वर्षं जगली, आणि खाली जायचं म्हटलं की त्याच्याच जीपची वाट बघायची, दुसरी समोर रिकामी उभी असली तरी. पुढचं सीट तिचं ठरलेलं. त्या सीटवर हैबतीनं पुढे नवं रेक्झिन घातलं, पण खालचा कापूस बदलू नकोस, असं तिनंच त्याला सांगितलं होतं.

जीप भरली, दारं लागली, की हैबती किल्लीला हात घालायचा आणि आई त्याचा हात अडवायची. मागची माणसं ह्याचीच वाट बघत असायची. नवखा कुणी असला तर त्याला काही कळायचं नाही.

"काय रं हैबती, घेतलाईस काय?"

"व्हय मामी, तीर्थ घेतलंया."

"कुठलं?"

"अंबाबाईचं."

"मग चल," आई म्हणायची.